खुराक पैलवानाचा, काम खुर्चीचं: कोल्हापुरात नव्यानं नोकरीला लागलेल्यांसाठी

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझ्या हातून एक अख्खी हीट, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेलं लोखंड, वाया गेली. तेव्हा मी एका फाउंड्रीत प्लॅनिंगला होतो. बुधवार होता, म्हणजे घरनं आलेल्या डब्यात मटण होतं. तीन भाकऱ्या, दोन्ही रस्से, वर भात असं रेटून जेवलो आणि अडीचच्या सुमाराला पुढच्या हीटचं कार्ड लिहायला बसलो. एसजी आयर्नच्या जागी ग्रे आयर्न लिहिलं, म्हणजे लोखंडाची जातच चुकली. भट्टीवरच्या माणसानं कार्डावर होतं तेच केलं. संध्याकाळी लॅबचा रिपोर्ट आला तेव्हा सगळे माझ्याकडं बघायला लागले. साहेबांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "लक्ष नव्हतं." खरं उत्तर होतं, झोप आली होती.

दरवर्षी जून-जुलैत नवी ट्रेनी पोरं-पोरी येतात. कुणी गडहिंग्लजचं, कुणी राधानगरीचं, कुणी थेट बीड-लातूरहून. खोली घेतात, मेस लावतात आणि दिवाळीपर्यंत पँटचं बटण लागेना होतं. दुपारी चहाच्या टपरीवर जांभया देत उभी असतात. त्यांना मी जे तोंडी सांगतो, ते इथं लिहून काढलंय. मी डॉक्टर नाही. अडतिसाव्या वर्षी माझा एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) ६.१ आला, म्हणजे मधुमेहाच्या उंबऱ्यावर. त्यानंतर जे वाचलं, डॉक्टरांना विचारलं आणि स्वतःवर करून पाहिलं, तेवढंच माझं भांडवल.

एक गोष्ट आधीच सांगतो. कोल्हापूरचं खाणं वाईट आहे असं म्हणणाऱ्याशी मी भांडेन. हे खाणं वेगळ्या अंगासाठी तयार झालंय, एवढंच. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ सालचं. त्या मातीत उतरणारा गडी पहाटे शेकड्यांनी जोर-बैठका काढायचा, मग बदामाची थंडाई, शेरानं दूध, मटणाचा रस्सा. तो खुराक त्याला पचायचा कारण तो घामावाटे निघून जायचा. ऊस तोडणाऱ्याचं, मोट हाकणाऱ्याचं तेच. आपण तोच खुराक ठेवला आणि तालीम सोडली. आठ तास स्क्रीनसमोर बसतो आणि जेवतो मात्र हिंदकेसरीसारखं. तेव्हा खाणं टाकायचं नाही, कामाच्या मापानं वाढून घ्यायचं. पुढचं सगळं त्यावरच आहे.

आधी आठ दिवस फक्त लिहा

पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नका. एक छोटी वही घ्या, मोबाइल नको, वहीच. रोज पाच गोष्टी लिहायच्या: किती वाजता झोपलो आणि उठलो, काय-काय खाल्लं, चहा किती झाले, पाणी साधारण किती, आणि कामात डोळे मिटायला लागले ती वेळ. शेवटची नोंद सगळ्यात महत्त्वाची. दुपारी एक ते चारच्या मध्ये शरीराचं घड्याळ तसंही थोडं मंद चालतं, जेवण हलकं असलं तरी. पण रोज अडीच वाजता डोकं टेबलावर टेकत असेल, तर त्यात घड्याळाबरोबर ताटाचा आणि रात्रीच्या झोपेचाही हात असतो. आठ दिवसांची वही बघितली की कुणाचा किती ते तुमचं तुम्हाला दिसतं. आमच्याकडच्या एका ट्रेनीला वाटायचं, आपण दिवसाला तीन चहा पितो. वहीत आठ निघाले.

त्याच आठवड्यात टेलरचा टेप घेऊन कंबर मोजा. बेंबीच्या पातळीला, पोट आत न ओढता. आपल्याकडच्या लोकांसाठी पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ मानतात. वजनकाट्यापेक्षा हा आकडा मला जास्त खरा वाटतो, कारण आपली चरबी आधी पोटावर बसते आणि हातपाय बारीकच राहतात. आणि एकदा रक्त तपासून घ्या: हिमोग्लोबिन, उपाशीपोटीची साखर किंवा एचबीए१सी, जमलं तर बी-१२. सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, जा नाहीतर जवळच्या लॅबमध्ये. "माझं वय तेवीस, मला काय धाड भरलीय" असं म्हणू नका. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीत देशात १० कोटींवर लोकांना मधुमेह आणि १३ कोटींवर लोक उंबऱ्यावर असल्याचा अंदाज निघाला. उंबऱ्यावर असताना काहीच दुखत नाही, म्हणून तर कळत नाही. एचबीए१सी ५.७ च्या खाली असला की निवांत, ५.७ ते ६.४ मध्ये असला की सावध व्हायचं, ६.५ किंवा त्याच्या वर गेला की सरळ डॉक्टर गाठायचा.

सकाळ: मिसळीशी तह

खोलीवर राहणाऱ्यांचा नाष्टा दोनच प्रकारचा असतो. एक तर काहीच नाही, नुसता चहा-बिस्किट. नाहीतर नाक्यावर मिसळ.

मिसळीबद्दल सविस्तर बोलू, कारण तिच्यावर अन्याय होतो. मिसळीच्या तळाशी मोडाची मटकी असते, आणि मटकी ही फार गुणी वस्तू आहे. प्रथिनं, चोथा, लोह सगळं तिच्यात. गडबड तिच्या डोक्यावर बसलेल्यांची आहे: मूठभर फरसाण, तेलाचा तवंग आलेला कट आणि मैद्याच्या ब्रेडच्या चार-पाच स्लाइस. कट पुन्हा-पुन्हा वाढला जातो, आणि फुकट मिळालेला कट सोडणारा कोल्हापूरकर मी अजून पाहिला नाही. म्हणून तह असा: मिसळ आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, आणि सांगायचं, "मामा, मटकी जादा, फरसाण कमी." हे बिनधास्त सांगा, कुणी हसत नाही. कट एकदाच. स्लाइस दोन. बरोबर दही किंवा ताक. एवढ्यानं तीच मिसळ निम्मी हलकी होते आणि चवीला काही कमी पडत नाही. ब्रेडऐवजी पाव मागणं आरोग्यासाठी चांगलं की वाईट, त्यात मी पडत नाही. कोल्हापुरात ते इतर कारणांनी धोक्याचं आहे.

बाकीचे सहा दिवस काय? खोलीवर एक इलेक्ट्रिक किटली असली की भागतं. मटकी किंवा हरभरे रात्री भिजत घाला, सकाळी निथळून ओल्या फडक्यात बांधून ठेवा, दुसऱ्या दिवशी मोड येतात. कांदा, टोमॅटो, लिंबू, मीठ घालून वाटीभर खा. किटलीत दोन अंडी उकडा. पोहे खायचे तर त्यात मूठभर शेंगदाणे आणि वाटाणे येऊ द्यात, नुसते बटाटा-पोहे खाऊन अकराला पोट परत ओरडतं. नाचणीची आंबील ज्यांना करता येते ती माणसं भाग्यवान. आजरा-चंदगड-गगनबावड्याकडच्या पोरांनी तर घरनं नाचणीचं पीठ आणावंच. ताकात शिजवलेली थंडगार आंबील पिऊन भट्टीच्या शॉपमध्ये गेलेला माणूस दुपारपर्यंत टिकतो, हे मी बघितलंय.

दुपारचा डबा, खरी लढाई इथंच

मेसचा डबा उघडला की साधारण हे निघतं: चार चपात्या, डबाभर भात, पातळ आमटी आणि बटाट्याची नाहीतर फ्लॉवरची रस्साभाजी. कधी पापड, लोणचं. काकू बिचाऱ्या मनापासून करतात, पण पोट भरायचं स्वस्त साधन म्हणजे पीठ आणि तांदूळ, त्यामुळं डब्यात तेच जास्त असतं.

राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली भारतीयांसाठी नव्यानं आहाराच्या सूचना काढल्या. त्यातल्या दिवसभराच्या ताटात भाज्या आणि फळं मिळून वजनानं निम्म्याच्या आसपास आहेत. आपल्या डब्यात ती मोजायला चमचा लागतो. प्रथिनांचा हिशोबही तसाच. मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागं दिवसाला साधारण ०.८३ ग्रॅम लागतात, म्हणजे साठ किलोच्या पोराला पन्नास ग्रॅम. आता मोजा. एका अंड्यात सहा ग्रॅम. ग्लासभर दुधात सहा-सात. वाटीभर घट्ट वरणात किंवा उसळीत सहा-सात, पातळ आमटीत त्याच्या निम्मेसुद्धा नाहीत. मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम, शेंगदाण्यांत सात-आठ. चपातीतही दोन-तीन ग्रॅम असतातच. म्हणजे पन्नास गाठायला पावडरचे डबे आणावे लागत नाहीत. सकाळी दोन अंडी, दुपारी उसळ आणि दही, संध्याकाळी शेंगदाणे, रात्री घट्ट वरण, एक ग्लास दूध, आणि दिवसभराच्या चपात्या आहेतच. झालं. अंडी न खाणाऱ्यांनी उसळ आणि दही वाढवावं, आणि बी-१२ मात्र तपासून घ्यावं, कारण ते भाजीपाल्यात मिळत नाही.

मग मेसच्या डब्याचं काय करायचं? डबा बदलायचा नाही, त्याला जोड द्यायची. मी ट्रेनींना हा क्रम सांगतो.

काकूंना भेटा, फोनवर नको, समोर जाऊन. म्हणा, "काकू, भात निम्मा करा, त्या जागी भाजी वाढवा, आणि आठवड्यात तीन दिवस उसळ द्या." दोनशे डबे करणारी बाई एकट्यासाठी बदल करणार नाही, पण चार-पाच जणांनी मिळून सांगितलं की करते. आमच्याकडच्या पोरांनी सांगितल्यावर काकूंनी अख्खा मसूर सुरू केला आणि आता तो सगळ्यांनाच जातो.

दुसरं, कच्चं स्वतः न्यायचं. कपिलतीर्थ मंडईत किंवा लक्ष्मीपुरीत रविवारी एक फेरी मारा. काकडी, मुळा, गाजर, टोमॅटो, कांद्याची पात. मेथीची जुडी मिळाली तर कोवळी पानं तशीच भाकरीबरोबर खा, आपल्याकडं ती पद्धत जुनीच आहे. डब्याच्या वरच्या खणात हे कापून, वेगळ्या डबीत दही. पाच मिनिटांचं काम आहे. आळस येतो, मान्य. मलाही येतो, मग मी अख्खी काकडी खिशात घालून जातो.

तिसरं म्हणजे खायचा क्रम, आणि हे ऐकून सगळे हसतात. आधी कच्चं आणि भाजी, मग उसळ किंवा अंडी, चपाती-भात शेवटी. त्याच पदार्थांचा नुसता क्रम बदलला तर जेवणानंतर रक्तातली साखर कमी उसळते, असं प्रयोगांत दिसलंय. मी ते स्वतःच्या बोटाला सुई टोचून घरी मोजून बघितलं तेव्हा माझा विश्वास बसला. शिवाय भाजीनं निम्मं पोट भरलं की चौथी चपाती आपोआप डब्यात उरते.

चौथं: जेवलं की बसायचं नाही. शेडच्या भोवती दहा-पंधरा मिनिटं चाला. मोबाइल बघत जिन्यात बसलेली पोरं आणि गेटपर्यंत चालून आलेली पोरं यांच्यात तीन वाजता काय फरक असतो ते प्रोडक्शनच्या कुठल्याही सुपरवायझरला विचारा. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची असते हे मला माहीत आहे. पंधरा मिनिटांत जेवण होतं, आपण सात मिनिटांत उरकतो, उरलेला वेळ आहे.

मुलींसाठी एक वेगळी गोष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांमध्ये रक्त कमी आढळलं. चार जिने चढून धाप लागते, दुपारी चक्कर येते, आणि आपण त्याला "कामाचा ताण" म्हणतो. बायकांचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांना विचारून लोहाच्या गोळ्या घ्या, नुसत्या पालेभाजीवर ते भरून निघायला फार वेळ लागतो. भाजी-उसळीवर लिंबू पिळा, लोह जास्त शोषलं जातं. आणि जेवणावर लगेच चहा नको, एक तासाचं अंतर ठेवा. चहा ते लोह अडवून धरतो.

चहा, गूळ आणि आपला अभिमान

टपरीवरच्या अर्ध्या कपातही चमचाभर साखर असते, म्हणजे पाच ग्रॅमच्या आसपास. सहा हाफ म्हणजे तीस ग्रॅम. दिवसाला वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. म्हणजे बिस्किट, लाडू, थंड पेय काहीही न खाता नुसत्या चहानं आपण मर्यादा ओलांडली.

इथं कुणीतरी म्हणतंच, "मी गुळाचा पितो." कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, माझ्या मामांचं गुऱ्हाळ होतं, काहिलीतला गरम गूळ शेंगदाण्याबरोबर खाऊन मी मोठा झालो. तरी सांगतो, रक्तात गेल्यावर गूळ साखरेसारखाच वागतो. थोडी खनिजं असतात, पण ती मिळवायला जेवढा गूळ खावा लागेल तेवढ्यात दुसरंच काहीतरी होईल. गूळ चवीसाठी खा, औषध म्हणून नको.

चहा बंद करा असं मी म्हणणार नाही. तीनावर आणा, बिनसाखरेचा किंवा अर्धी साखर. जीभ दोन-तीन आठवड्यांत वळते. शेवटचा कप दुपारी चारच्या आत. चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायलाच सरासरी पाच तास लागतात, त्यामुळं सातचा चहा रात्री बारा वाजताही अर्धा तुमच्यात जागा असतो. टपरीवर जायला हरकत नाही, गप्पा तिथंच होतात. ताक घ्या, लिंबूपाणी घ्या, नाहीतर नुसतं उभं राहा.

भट्टीजवळ काम असेल तर

मेल्टिंग, पोअरिंग, नॉकआउटला (धातू वितळवणं, ओतणं, साचा फोडणं) असणाऱ्यांचा प्रश्न खुर्चीवाल्यांच्या उलटा आहे. त्यांचं पाणी जातं. तहान लागायची वाट बघू नका, दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी. लघवी गडद पिवळी दिसली की तुम्ही मागं पडलात. घाम फार गेला तर नुसतं पाणी पुरत नाही, मीठ घातलेलं ताक किंवा ओआरएस घ्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. याहून जास्त मीठ नको. डोकं गरगरलं, घाम थांबला, बोलणं असंबद्ध झालं तर तो उष्माघात असू शकतो. माणसाला सावलीत आणा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि दवाखान्यात हलवा.

एरवी आपल्याला मीठ कमी नाही, जास्तच पडतं. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा, ही मर्यादा आहे. कांदा-लसूण चटणीत मीठ, लोणच्यात मीठ, पापडात मीठ, भडंगात मीठ. चटणी सोडा म्हणणं कोल्हापुरात शक्य नाही. पापड आणि लोणचं एकाच दिवशी नको, इतपत करा.

बुधवार, रविवार आणि दूध कट्टा

मटण खा. फोडी खा, चरबीचे तुकडे बाजूला काढा. तांबडा रस्सा दोन वाट्या. पांढऱ्यात नारळाचं दूध आणि वाटण असतं, तो एक वाटी. भाताऐवजी एक-दीड ज्वारीची भाकरी आणि भरपूर कांदा-काकडी. आणि माझ्यावरून शिका: मटणाचं जेवण कामाच्या मध्यावर नको. सुट्टीच्या दुपारी किंवा रात्री आठच्या आत. शेजारी मित्र असेल तर तो "अजून एक वाटी घे की" म्हणणारच. त्याचं मन राखायला वाटी घ्या, आणि त्याच्याच ताटात ओता.

गंगावेशीतला दूध कट्टा नव्यानं आलेल्यांनी बघावाच. समोर म्हशीचं दूध काढून पेला हातात देतात, वर पांढरा फेस. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो, गाईच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट, म्हणून लोटाभर नको, पेलाभर पुरे. आणि न तापवलेल्या दुधातून आजार येऊ शकतात. मी आता ते घरी आणून उकळूनच पितो. जुने लोक नाकं मुरडतात, मुरडोत.

हालचाल

आठवड्याला किमान १५० मिनिटं दमदार चालणं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, एवढं जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे. दमदार म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत. कोल्हापुरात यासाठी पैसे लागत नाहीत. पहाटे रंकाळा तलावावर या, निम्मं शहर तिथं असतं. शिवाजी विद्यापीठाचा परिसर झाडीचा आहे. सुट्टीच्या दिवशी पन्हाळ्याचा एखादा बुरूज. जाताना गाडीनं गेलात तरी वर पायी फिरा, आणि परतताना झुणका-भाकर खा.

जिमची फी परवडत नसेल तर खोलीत जोर-बैठका काढा. पैलवानाचे शेकडो नकोत. दहा बैठका, पाच जोर, अशा तीन फेऱ्या, एक दिवसाआड. दर आठवड्याला दोन-दोन वाढवा. गुडघा दुखला तर खुर्चीवर बसून उठण्यापासून सुरुवात करा. तालमीची हौस असेल तर एखाद्या तालमीत वस्तादांना जाऊन विचारा. बऱ्याच ठिकाणी नवख्यालाही हाकलत नाहीत, फक्त पहाटे पाचला यायला सांगतात, आणि तिथंच निम्मे गळतात.

ऑफिसात दर अर्ध्या-पाऊण तासानं उठा. मी पाण्याची मोठी बाटली मुद्दाम ठेवत नाही, छोटा पेला ठेवतो. तो भरायला उठावंच लागतं.

झोप आणि पाळ्या

मोठ्या माणसाला किमान सात तास झोप लागते. एका खोलीत तिघे राहतात, एकजण रात्री दीडपर्यंत रील बघतो, तिघेही पाच तास झोपतात. नियम ठरवा: अकराला दिवा बंद, ज्याला बघायचंय त्यानं बाहेर जाऊन बघावं. रात्रीचं जेवण झोपेच्या दोन तास आधी. दारूनं झोप लागते पण ती उथळ असते, मध्येच मोडते, आणि सकाळी माणूस न झोपल्यासारखाच उठतो.

माव्याचं थोडक्यात. नव्या पोरांना मावा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा, बहुतेक वेळा तिसऱ्या म्हणजे रात्रीच्या पाळीत लागतो, जागं राहायला. जुना कामगार प्रेमानं चिमूट पुढं करतो. पहिली चिमूट नाकारणं सोपं, पाचशेवी अवघड. आधीच लागला असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर आहे, तंबाखू सोडायला तिथं मदत मिळते.

तिसऱ्या पाळीत शरीर उलट चालतं, त्यामुळं वरचे सगळे नियम फिरवून घ्यावे लागतात. मुख्य जेवण कामावर जाण्याआधी, आठ-नऊला. रात्री एक-दीडला हलकं काहीतरी: दोन अंडी, थोडा दहीभात, एखादं केळं. पहाटे तीन-चारला रोज वडापाव खाणाऱ्याचं पोट बिघडू शकतं, कारण त्या वेळी पचन मंदावलेलं असतं. चहा रात्री दोनपर्यंतच. सकाळी सुटल्यावर डोळे जड असतील तर हायवेवर गाडी काढू नका. गेटजवळच्या खोलीत वीस मिनिटं डुलकी काढा किंवा कंपनीच्या बसनं या. फार ऊन असेल तर बसमध्ये काळा चष्मा घाला, उजेड पडला की मेंदूला सकाळ झाल्यासारखं वाटतं. खोलीवर येऊन थोडं खा, खिडकीला जाड चादर लावा, मोबाइल दुसऱ्या खोलीत, कानात कापूस. घरच्यांना आणि घरमालकांना सांगून ठेवा की नऊ ते चार फोन उचलणार नाही. पाळ्या ठरवणाऱ्याशी बोलायची सोय असेल तर पहिली, मग दुसरी, मग तिसरी असा क्रम मागा, उलटा क्रम शरीराला जास्त जड जातो.

चार आठवड्यांनी तीच वही काढा आणि पुन्हा आठ दिवस लिहा. कंबर मोजा. डोळे मिटायची वेळ पुढं सरकली का, नोंदच कमी झाली का, ते बघा. काहीच फरक नसेल, घोरणं जास्त असेल, सात तास झोपूनही दिवसा डुलक्या येत असतील, किंवा तहान आणि लघवी दोन्ही वाढली असतील, तर हे सगळं बाजूला ठेवून डॉक्टरांकडं जा.

आणि तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात दारावर एक कागद चिकटवा. माझ्या खोलीच्या दारावर तो दोन वर्षं होता, पावसानं अक्षरं फुटली तरी दूधवाल्याला वाचता यायचा: "रात्रपाळी आहे. झोपलोय. पिशवी खिडकीत ठेवा, कडी वाजवू नका."